५२एक्सची घरघर आणि काळ्या बाइंडिंगमधली सीडी

आपल्या इंजिनीअरिंगवाल्यांना आकड्यांचं भारी वेड! बाईक घेताना सीसी विचारायचा, मोबाईल घेताना जीबी विचारायचे, आणि आपल्या सीनिअर लोकांच्या काळात कॉम्प्युटर घेताना सीडी ड्राइव्हचे 'एक्स' विचारायचे. ज्याच्या ड्राइव्हवर ५२एक्स छापलेलं, त्याच्या रूमवर गर्दी. आता नव्या लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा ड्राइव्हच नसतो, त्यामुळे फर्स्ट इयरच्या पोरांना ही गोष्ट आजोबांच्या रेडिओसारखी वाटेल. पण त्याच ड्राइव्हपाशी आपल्या सगळ्यांचं एक काम अडलेलं आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

काम असं. आपल्या जिल्ह्यात पुसदचं बाबासाहेब नाईक कॉलेज १९८३ सालचं, यवतमाळचं जवाहरलाल दर्डा इन्स्टिट्यूट १९९६ सालचं. म्हणजे कॉम्प्युटरच्या सीडीची उगवती आणि मावळती, दोन्ही इथल्या इंजिनीअरिंगच्या पोरांनी बघितल्या. त्या काळात फायनल इयरचा प्रोजेक्ट रिपोर्ट काळ्या बाइंडिंगमध्ये, वर सोनेरी अक्षरं, आणि शेवटच्या पुठ्ठ्याला चिकटवलेल्या पाकिटात एक सीडी, असाच सबमिट व्हायचा. रिपोर्टमध्ये असते ती 'थिअरी'. खरा सोर्स कोड, सर्किटचे ले-आउट, रीडिंग्ज आणि चालत्या मॉडेलचा व्हिडिओ त्या सीडीत. आज यातली एखादी सीडी ड्राइव्हमध्ये टाकली की काय होतं? ड्राइव्ह जोरात घुमतो, थांबतो, पुन्हा घुमतो, कटकट आवाज करतो आणि शेवटी स्क्रीनवर एरर. मग आपण म्हणतो, "गेली बे सीडी, टाकून दे."

माझं मत एवढंच आहे की ती सीडी टाकण्याआधी हळू फिरवून बघा. ड्राइव्ह तिला ज्या वेगाने फिरवतो तो वेग काही देवाने ठरवलेला नाही. तो ड्राइव्हच्या फर्मवेअरने ठरवलेला आहे, आणि आपण इंजिनीअर असू तर तो आपल्याला बदलता आला पाहिजे.

आधी हा 'एक्स' काय ते बघू. सीडीचा १एक्स म्हणजे सेकंदाला सुमारे १५० केबी. गाणी वाजवायला तेवढं पुरतं. त्या वेगात तबकडी आतल्या बाजूला मिनिटाला साधारण ५०० आणि बाहेरच्या बाजूला साधारण २०० फेरे मारते, म्हणजे ट्रॅक लेझरखालून कायम सारख्याच गतीने सरकतो. पुढे वेग वाढवता वाढवता कंपन्यांना हे जमेना, कारण एवढ्या वेगात मोटरचे फेरे सारखे कमीजास्त कोण करणार? म्हणून फेरे कायम ठेवले. आता फेरे कायम म्हटल्यावर बाहेरचा ट्रॅक जास्त वेगाने सरकणार आणि आतला कमी. म्हणजे खोक्यावरचं ५२एक्स हे फक्त तबकडीच्या बाहेरच्या कडेला खरं! आतल्या बाजूला तोच ड्राइव्ह जेमतेम २२एक्सने वाचतो. आणि गंमत बघा, सीडीवर डेटा लिहायला सुरुवात होते आतूनच. पंचवीस-तीस एमबीची प्रोजेक्टची सीडी बाहेरच्या कडेपर्यंत कधी पोचतच नाही. म्हणजे ५२एक्सचे पैसे मोजले, आवाज ५२एक्सचा ऐकला आणि स्पीड मिळाला २२एक्सचा.

आवाजाचाही हिशोब करू. ५२एक्सला तबकडी मिनिटाला १०,००० च्या वर फेरे मारते. १०,५०० धरा. बारा सेंटीमीटरच्या तबकडीची कड तेव्हा ताशी सव्वादोनशे किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने पळत असते. आता मेकॅनिकलवाल्यांनी सेकंड इयरचं बॅलन्सिंग आठवावं. समजा आपण हौसेने प्रोजेक्टचं नाव छापलेलं कागदी लेबल सीडीवर चिकटवलं आणि ते जरा तिरकं बसलं. केंद्रापासून ३ सेंटीमीटरवर फक्त १ ग्रॅम वजन जास्त झालं, तर या वेगाला त्याचा ओढा होतो सुमारे ३६ न्यूटन, म्हणजे साडेतीन किलोच्या वर! आणि तो धक्का सेकंदाला १७५ वेळा, चारही दिशांना. टेबल थरथरणारच ना? तीच सीडी ८एक्सला फिरवली तर फेरे उरतात सोळाशेच्या आसपास आणि ओढा उरतो एका न्यूटनपेक्षाही कमी. कारण हा ओढा फेऱ्यांच्या वर्गाच्या पटीत वाढतो. काही ड्राइव्हमध्ये हा असमतोल खायला गोल खाचेत छोट्या गोळ्या बसवलेल्या असतात, पण त्यांनाही मर्यादा आहे. वरून हवेचा घोंगाट वेगळाच. होस्टेलमध्ये रात्री दोन वाजता कोणी सीडी टाकली की शेजारचा विचारायचा, "काय बे, हेलिकॉप्टर उडून राह्यलं का?" ते उगीच नव्हतं. चिरा गेलेल्या तबकड्या या वेगात ड्राइव्हच्या आत फुटून तुकडे झाल्याचेही प्रकार घडले आहेत.

आता मूळ मुद्दा. हा वेग ठरवतं कोण?

ड्राइव्हच्या आत एक छोटा प्रोसेसर आणि एक फ्लॅश चिप असते. त्या चिपमध्ये कंपनीने लिहिलेला प्रोग्रॅम म्हणजे फर्मवेअर. सीडीवरच्या दोन ट्रॅकमधलं अंतर १.६ मायक्रोमीटर. त्यावर लेझर खालीवर फोकस करणं, डावीउजवीकडे ट्रॅकवर ठेवणं, मोटर किती फिरवायची आणि लेन्सची गाडी कुठे न्यायची, हे सगळं फर्मवेअर क्षणाक्षणाला बघतं. सीडीवर ओरखडा आला तरी चालावं म्हणून डेटाबरोबर जादा बिट लिहिलेले असतात. सलग सुमारे ४,००० बिट, म्हणजे ट्रॅकचे जवळपास अडीच मिलिमीटर खराब असले तरी गणित करून मूळ डेटा परत मिळवता येतो. पण त्यासाठी लेझर ट्रॅकवर टिकला पाहिजे. तबकडी थरथरत असेल, लेन्सवर धूळ असेल, जुन्या सीडीची शाई फिकी पडली असेल, तर जास्त वेगात लेझर ट्रॅकवरून घसरतो. मग फर्मवेअर काय करतं? पुन्हा वाचायचा प्रयत्न. नाही जमलं तर वेग कमी करून प्रयत्न. जमलं की पुन्हा वेग वाढवायचा. पुढच्या खराब जागी पुन्हा तेच! ती जी घुमण्याची आणि थांबण्याची घरघर आपण ऐकतो, ती म्हणजे फर्मवेअरचा हा सगळा गोंधळ असतो.

किती वेळा प्रयत्न करायचा, वेग कधी उतरवायचा, पुन्हा कधी चढवायचा, हे प्रत्येक कंपनीने आपापल्या सोयीने ठरवलं. म्हणूनच एकच सीडी एका ड्राइव्हमध्ये चालते आणि दुसऱ्यात चालत नाही. दोन्हींतला लेझर ७८० नॅनोमीटरचाच, पण स्वभाव वेगळे. आणि कंपन्यांचा कल साहजिकच वेगाकडे, कारण रिव्ह्यूमध्ये आणि खोक्यावर दिसतो तो वेग. शांतता आणि चिकाटी खोक्यावर छापता येत नाही.

हे समजायला आपल्या शेतातलं उदाहरण घ्या. कृषिपंपाला लोक 'ऑटो' बसवतात. लाईट आली की पंप आपोआप चालू. ज्याने ऑटो बसवला त्याचं चूक नाही, रात्री दोनला उठून विहिरीवर कोण जाईल? पण लाईट आल्या क्षणी शिवारातले सगळे पंप एकदम ओढतात आणि डीपीवर ताण येतो. पाणी किती हवं, विहिरीत आहे का, शेजाऱ्याचा पंप चालू आहे का, हे ऑटोला माहीत नाही. त्याला एकच माहीत, लाईट आली की सुरू. ड्राइव्हचं फर्मवेअरही असाच ऑटो आहे. सीडी आली की फुल स्पीड. समोर दोन जीबीचा गेम आहे की वीस वर्षांपूर्वीची एकुलती एक प्रोजेक्टची सीडी, त्याला काय कळे!

कोणी म्हणेल, फर्मवेअरचं एवढं काय, खरा दम तर मशीनमध्ये असतो. तर काही घडलेल्या गोष्टी सांगतो. २००२ च्या सुमारास लाइट-ऑनच्या काही ४०एक्सच्या सीडी रायटरमध्ये लोकांनी वरच्या मॉडेलचं फर्मवेअर टाकलं, तर तेच यंत्र ४८एक्सने चालायला लागलं. लोखंड तेच, मोटर तीच, बदलला तो फक्त प्रोग्रॅम. उलटी गोष्टही आहे. काही डीव्हीडी ड्राइव्हमध्ये पिक्चरची डीव्हीडी ओळखून फर्मवेअर मुद्दाम वेग कमी ठेवायचं, म्हणजे पिक्चर बघताना आवाज नको आणि कॉपीही पटकन होऊ नये. याला लोकांनी 'रिपलॉक' नाव दिलं होतं. म्हणजे शांतपणे कसं वाचायचं हे कंपन्यांना चांगलं ठाऊक होतं, फक्त ते कुठे वापरायचं हे त्यांच्या हातात! २००० सालापासून आलेल्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये तर रिजन कोडही फर्मवेअरमध्येच. आपला भारत रिजन ५ मध्ये, आणि रिजन बदलायची मुभा फक्त ५ वेळा. पैसे आपले, ड्राइव्ह आपला, आणि मुभा मोजून पाच!

सगळ्यात बोलकी गोष्ट ऑक्टोबर २००३ मधली. मॅन्ड्रेक लिनक्स ९.२ इन्स्टॉल करताना काही एलजीचे सीडी-रॉम ड्राइव्ह कायमचे मेले. कारण काय? लिनक्सने ड्राइव्हला 'बफर रिकामा कर' अशी एक साधी, स्टँडर्डमधली कमांड पाठवली. वाचणाऱ्या ड्राइव्हला तिचं काही काम नाही, त्याने फार तर 'मला कळत नाही' म्हणायचं. पण त्या ड्राइव्हच्या फर्मवेअरमध्ये तीच कमांड 'नवं फर्मवेअर लिहून घे' या अर्थाने वापरलेली होती. झालं, ड्राइव्हने स्वतःचीच पाटी पुसून टाकली. पुढे कंपनीला फर्मवेअर दुरुस्त करून द्यावं लागलं. ज्या वस्तूला आपण डबडं म्हणतो तिच्या आत असे निर्णय कोणीतरी घेऊन ठेवलेले असतात, आणि आपल्याला ते बिघाड झाल्यावरच दिसतात.

बरं, आता हा विषय आज का काढायचा? कारण वेळ थोडा उरलाय. सीडी-आर म्हणजे घरी लिहिलेली सीडी, तिच्यात डेटा रासायनिक रंगाच्या थरात असतो. उष्णता, ऊन आणि दमट हवा त्याला खातात. आणि आपल्या यवतमाळचा मे महिना कसा असतो ते कूलरसमोर चादर ओली करून झोपणाऱ्या होस्टेलवाल्यांना सांगायला नको. दुसरीकडे ड्राइव्हही संपत चालले आहेत. सोनीची ऑप्टिआर्क २०१३ साली बंद झाली. आपल्याकडची मोसर बेअर, जी एके काळी जगातल्या मोठ्या डिस्क उत्पादकांपैकी एक होती आणि जिने २००७ मध्ये २८ रुपयांत पिक्चरची व्हीसीडी विकून बाजार हलवला, तीही २०१८ मध्ये लिक्विडेशनमध्ये गेली. सीडी म्हातारी होतेय आणि तिला वाचणारा यंत्रमाणूस भंगारात चाललाय.

आणि फक्त कॉलेजचंच नाही. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरी आईबाबांच्या, काकांच्या लग्नाची व्हीसीडी कपाटात असेल. ज्यात आता नसलेले आजोबा पंगतीत वाढताना दिसतात, ती सीडी. ती टीव्हीच्या जुन्या प्लेअरवर कशीबशी चालते, पण कॉम्प्युटरवर कॉपी होत नाही. असं का? प्लेअर १एक्सने निवांत वाचतो आणि चुकलेल्या जागी चित्रात चौकोन दाखवून पुढे जातो. कॉम्प्युटरचा ड्राइव्ह तिथेच अडून बसतो. शिवाय व्हीसीडीत व्हिडिओ जास्त मावावा म्हणून डेटा सीडीवर असतो तो चूक-दुरुस्तीचा दुसरा थर काढून टाकलेला असतो. म्हणजे ती मुळातच नाजूक. तिला ५२एक्सला फिरवणं म्हणजे म्हाताऱ्या माणसाला टेकडीवर पळवणं!

मग करायचं काय? फर्मवेअर बदलायच्या भानगडीत पडू नका. उरलेला एकच ड्राइव्ह असेल आणि फ्लॅश करताना लाईट गेली, तर तो गेलाच समजा. आणि त्याची गरजही नाही. वेग कमी करायची कमांड स्टँडर्डमध्येच आहे, फक्त आपल्याला कोणी सांगत नाही. लिनक्सवर 'एचडीपार्म' नावाची कमांड आहे, तिला कॅपिटल 'ई' आणि पुढे ८ असं सांगितलं की ड्राइव्ह ८एक्सवर येतो. 'इजेक्ट' कमांडला स्मॉल 'एक्स' देऊनही हेच होतं. विंडोजवर 'इमगबर्न'मध्ये रीड स्पीड निवडता येतो. पुष्कळ ड्राइव्ह सीडी बदलली की हा वेग विसरतात, म्हणून सीडी आत गेल्यावरच कमांड द्यायची. ड्राइव्हला जे वेग येतात त्यातलाच जवळचा तो घेतो. आणि प्रत्येक वेळी सगळ्यात हळू म्हणजेच सगळ्यात चांगलं असंही नाही. ४, ८, १६ असं करून बघायचं. आवाज शांत आणि सारखा झाला की समजायचं, जमतंय. लॅपटॉपचा पातळ ड्राइव्ह किंवा यूएसबीचा बाहेरचा ड्राइव्ह सीडीला साधारण २४एक्सच्या वर जातच नाही, त्यामुळे जुन्या सीडीसाठी तोही चांगला.

खराब सीडीतल्या फाइली माऊसने ओढून कॉपी करू नका. 'डीडीरेस्क्यू' हा फुकटचा प्रोग्रॅम आधी चांगला भाग उचलून घेतो, खराब जागांची यादी एका फाइलमध्ये लिहून ठेवतो आणि मग फक्त तेवढ्यावर पुन्हा प्रयत्न करतो. तीच यादी घेऊन सीडी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये टाकली की एकाला न वाचलेले तुकडे दुसरा वाचू शकतो. दोन ड्राइव्हचे दोन स्वभाव इथे आपल्या कामी येतात. आणि सीडी पुसायची असेल तर मऊ कापडाने, केंद्राकडून कडेकडे सरळ. गोल गोल पुसलं की ओरखडा ट्रॅकच्या दिशेने पडतो आणि चूक-दुरुस्तीला झेपत नाही.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, "वेळ कोणाकडे आहे?" हिशोब करा. ३० एमबीची प्रोजेक्टची सीडी ८एक्सला एक-दीड मिनिटात होते. पूर्ण भरलेली ७०० एमबीची सीडी साधारण पंधरा मिनिटं घेते. मेसच्या रांगेत यापेक्षा जास्त वेळ जातो.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. "त्या जुन्या प्रोजेक्टमध्ये आहे काय? अर्धे तर कॉपी केलेले." असतील, नाही म्हणत नाही. पण उरलेल्या अर्ध्यांत आपल्या जिल्ह्यातल्या विहिरी, जिनिंग, वीज यांवर पोरांनी स्वतः घेतलेली रीडिंग्ज असू शकतात. त्या वर्षीची मोजमापं आज कोणी पुन्हा घेऊ शकत नाही. आणि कॉपी कोणती, अस्सल कोणतं, हे सीडी वाचल्याशिवाय ठरवणार कसं? आज आपण तोच प्रोजेक्ट नव्या नावाने पुन्हा करतो, कारण आधी कोणी काय केलं ते बघायची सोयच नाही.

म्हणून ग्रंथपाल सर, एचओडी सर आणि मित्रांनो, माझी मागणी लहान आहे. लॅबमधले जुने पीसी भंगारात देताना चालू स्थितीतले चार सीडी ड्राइव्ह, शक्यतो वेगवेगळ्या कंपन्यांचे, बाजूला काढून ठेवा. लायब्ररीत एका टेबलावर एक लिनक्सचा पीसी मांडा. दर शनिवारी कॉम्प्युटर आणि इलेक्ट्रॉनिक्सची दोन-दोन पोरं बसतील, काळ्या बाइंडिंगमधल्या सीड्या ८एक्सने वाचून हार्ड डिस्कवर ठेवतील आणि कोणती वाचली, कोणती नाही याची वही करतील. जमलं तर स्टाफच्या आणि पोरांच्या घरच्या लग्नाच्या सीड्याही तिथेच होतील. मेकॅनिकलवाल्यांना बॅलन्सिंगचं आणि इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना सर्वोचं प्रॅक्टिकल फुकट मिळेल, ते वेगळंच.

आणि एक गोष्ट पुढच्यासाठी. ड्राइव्ह गेले तरी फर्मवेअर गेलेलं नाही. आपल्या पेनड्राइव्हमध्ये, लॅपटॉपच्या पंख्यात, शेतातल्या सोलर पंपाच्या कंट्रोलरमध्ये तेच बसलंय, कोणीतरी आधीच घेतलेले निर्णय पाळत. उद्या ते निर्णय लिहिणाऱ्यांत आपल्यातलेही काही जण असतील. तेव्हा खोक्यावरच्या आकड्याबरोबर त्या टेबलाशी बसलेल्या माणसाचाही विचार करा. तोपर्यंत शनिवारच्या टेबलासाठी ज्यांना यायचं आहे त्यांनी लायब्ररीच्या काउंटरवर नाव द्यावं. येताना घरातली ती एक सीडी घेऊन यावी, उन्हातून नाही, वहीत घालून.